सेफ्टी इंटरलॉकवर भरवसा किती ठेवायचा? सिल-२, प्रूफ टेस्ट आणि एक न बसणारा व्हॉल्व्ह

लूपचेक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. केमिकल प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट विभागात २२ वर्षे काढली आहेत. गेल्या शटडाऊनमध्ये जे पाहिले ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

आमच्या एका रिअ‍ॅक्टरची रिअ‍ॅक्शन उष्णता सोडणारी आहे. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले आणि फीड चालूच राहिले, तर कूलिंग पुरे पडत नाही. म्हणून वेगळा टेंपरेचर ट्रान्समीटर (तापमान करंटच्या रूपात पाठवणारा), सेफ्टी पीएलसी (निर्णय घेणारा कंट्रोलर), सोलेनॉइड (व्हॉल्व्हची एअर सोडणारा विजेवरचा छोटा व्हॉल्व्ह) आणि फीड लाइनवर एक बॉल व्हॉल्व्ह, जो एअर गेली की स्प्रिंगने बंद होतो. सेफ्टी फंक्शन एवढेच. लोपा या धोक्याच्या विश्लेषणात सिल-२ (सेफ्टी फंक्शनच्या भरवशाची पातळी, आकडे खाली) लागला, हिशोब सिल-२ मध्ये बसला, फाइल कपाटात गेली.

शटडाऊनमध्ये पायपिंगवाले ती लाइन पाण्याने धूत होते. व्हॉल्व्ह बंद होता, तरी पाणी पलीकडे येत होते. थेंब थेंब नाही, चांगली बोटभर धार. काढून उघडला तर सीटवर पॉलिमर बसून दगड झालेला, बॉल पूर्ण पाव फेरा फिरतच नव्हता. मग प्रूफ टेस्टचे, म्हणजे लपलेला बिघाड शोधायला ठराविक काळाने घ्यायच्या टेस्टचे, रेकॉर्ड काढले. ६ वर्षे, दर वर्षी एक टेस्ट, सगळीकडे ‘ओके’. त्यातल्या दोन सह्या माझ्या आहेत.

टेस्ट कशी करायचो ते लिहितो, कारण बहुतेकांकडे अशीच होत असणार. ट्रान्समीटरची वायर सोडवून कॅलिब्रेटर लावायचा, करंट सेट पॉइंटच्या वर न्यायचा. स्क्रीनवर ट्रिप (बंद करण्याचा हुकूम) येतो, सोलेनॉइडचा ‘टक’ ऐकू येतो, फील्डमधला हेल्पर वॉकीटॉकीवर म्हणतो ‘हलला’. सही. तो हलायचा हे खरेच होते. पण त्याचे काम हलणे नाही, फीड थांबवणे आहे, आणि ते आम्ही ६ वर्षांत एकदाही तपासले नव्हते. शिवाय कॅलिब्रेटर लावला म्हणजे खरा ट्रान्समीटर आणि त्याचा सेन्सर टेस्टमधून बाहेरच गेला.

आता हिशोब. असे फंक्शन वर्षानुवर्षे नुसते बसून असते. त्यामुळे प्रश्न असा की ज्या क्षणी गरज पडेल, त्या क्षणी ते आधीच निकामी झालेले असण्याची शक्यता किती? त्या सरासरी शक्यतेला पीएफडी म्हणतात. आयईसी ६१५०८ या स्टँडर्डप्रमाणे पीएफडी ०.०१ ते ०.१ असेल तर सिल-१, ०.००१ ते ०.०१ असेल तर सिल-२, ०.०००१ ते ०.००१ असेल तर सिल-३. प्रोसेस प्लांटसाठीच्या आयईसी ६१५११ मध्येही हेच पट्टे आहेत.

घात करतो तो बिघाड एकाच जातीचा: धोकादायक आणि आपोआप न कळणारा. तो फक्त टेस्टमध्येच सापडतो. दोन टेस्टच्या मधे तो कधीही होऊ शकतो, म्हणून सरासरीने अर्धा कालावधी तो लपून राहिला असे धरतात. म्हणजे पीएफडी बरोबर बिघाडाचा दर गुणिले टेस्टमधले तास भागिले २.

उदाहरणासाठी गोल आकडे घेतो. अशा बिघाडांचा दर १० लाख तासांमागे ट्रान्समीटरसाठी ०.३, सोलेनॉइडसाठी ०.४, व्हॉल्व्ह आणि अ‍ॅक्च्युएटर मिळून १.५. टेस्ट वर्षातून एकदा, म्हणजे ८,७६० तास. ट्रान्समीटरचे ०.००१३, सोलेनॉइडचे ०.००१८, व्हॉल्व्हचे ०.००६६, पीएलसीचे ०.०००१. बेरीज ०.००९८ च्या आतबाहेर. सिल-२ मध्ये बसले, पण अगदी उंबऱ्यावर. आणि बघा, दोन तृतीयांश वाटा एकट्या व्हॉल्व्हचा. आपण मीटिंगमध्ये तासभर बोलतो पीएलसीवर, ज्याचा वाटा शंभरात एक.

हा हिशोब वार्षिक टेस्ट व्हॉल्व्हचे सगळे बिघाड पकडते असे गृहीत धरतो. आमची टेस्ट नुसते हलणे बघत होती. समजा त्यात १०० पैकी ६० बिघाड सापडतात. उरलेले ४० व्हॉल्व्ह बाहेर काढून उघडेपर्यंत लपून राहणार, आणि आम्ही तो ६ वर्षांनी उघडला. मग व्हॉल्व्हचे होतात ०.००३९ अधिक ०.०१५८, आणि पूर्ण फंक्शनचे सुमारे ०.०२३. म्हणजे धोका १०० पट कमी केला असे फाइल सांगते, तेव्हा प्रत्यक्षात तो ४४ पटच कमी होता. सिल-१. एकही पार्ट बदललेला नाही, फक्त टेस्टबद्दल खरे बोललो.

तुमच्याकडे प्रूफ टेस्ट कशी होते? जसे होते तसेच लिहा.

---

शिफ्ट_तळोजा

दादा, धागा मनापासून पटला, पण प्रॉडक्शनची बाजूही ऐका. व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून गळती बघायची म्हणजे फीड थांबणार, बॅच जाणार. शिफ्टमध्ये इन्स्ट्रुमेंटवाला परमिट घेऊन येतो आणि म्हणतो ‘फक्त १० मिनिटे’. दोन वेळा त्या १० मिनिटांत आमचा प्लांट ट्रिप झालाय. तिसऱ्या वेळी मीच म्हणालो, बायपास टाकून, म्हणजे इंटरलॉक तात्पुरता निष्क्रिय करून, काय ते करा.

खरी भीती मला त्या बायपासची वाटते. एकदा रात्रपाळीला चार्ज घेतला तेव्हा एका लेव्हल ट्रिपचा बायपास टाकलेला होता आणि लॉगबुकात त्याची नोंद नव्हती. किती दिवस होता ते कोणालाच सांगता आले नाही. तुमच्या हिशोबात हे कुठे येते?

---

लूपचेक

नेमका प्रश्न विचारलात. येते ते असे: बायपास असताना फंक्शन नाहीच, त्या वेळेची पीएफडी १ धरायची. वर्षातले ८८ तास बायपास राहिला तर एवढ्यानेच सरासरीत ०.०१ वाढतात. म्हणजे बाकी सगळे आदर्श असले तरी सिल-२ चा पूर्ण कोटा त्या ८८ तासांत संपला. साडेतीन दिवस! म्हणून बायपासला वेळेची मर्यादा, अलार्म आणि शिफ्ट बदलताना तोंडी आणि लेखी सांगणे हवे.

आणि तुमचा प्लांट टेस्टमध्ये ट्रिप झाला, तर दोष टेस्टच्या पद्धतीत आहे. ती लिहिताना प्रॉडक्शनचा माणूस बसलेला नसतो. आमच्याकडेही नव्हता.

---

प्रेसशॉप_चाकण

आमचे जग वेगळे. रिअ‍ॅक्टर नाही, मेकॅनिकल प्रेस. इथे फंक्शनची गरज वर्षातून एकदा पडत नाही, प्रत्येक स्ट्रोकला पडते. म्हणून पीएफडीऐवजी तासाला धोकादायक बिघाडाची शक्यता मोजतात, आणि आयएसओ १३८४९ मध्ये सिलऐवजी परफॉर्मन्स लेव्हल असते, ए पासून ई पर्यंत.

लिहावेसे वाटले ते एका गैरसमजाबद्दल, जो मी दर ऑडिटमध्ये ऐकतो. क्लच-ब्रेकचा न्यूमॅटिक व्हॉल्व्ह घ्या. स्टँडर्डच्या तक्त्यात न्यूमॅटिक पार्टसाठी बी-टेन-डी २ कोटी सायकल दिलेले आहे, म्हणजे तेवढ्या सायकलनंतर १०० पैकी १० पार्ट धोकादायक पद्धतीने बिघडलेले असतील. प्रेस मिनिटाला १० स्ट्रोक, दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस: २८ लाख ८० हजार सायकल. सूत्रात घातले की एमटीटीएफडी, म्हणजे धोकादायक बिघाडापर्यंतचा सरासरी काळ, येते ६९ वर्षे. ऑडिटला आलेला माणूस खूश, मालक खूश. ‘६९ वर्षे टिकणार.’

नाही टिकणार. २ कोटीला २८.८ लाखांनी भागा, ७ वर्षेसुद्धा भरत नाहीत. त्याच्या आत तो व्हॉल्व्ह बदलायचा. ६९ हा आकडा बिघाडाचा दर सांगतो, आणि तो दर त्या पहिल्या ७ वर्षांपुरताच खरा. १० वर्षांच्या १०,००० मुलांमध्ये वर्षाला किती दगावतात ते मोजून ‘माणूस हजार वर्षे जगेल’ म्हणण्यासारखे आहे ते. आणि २ कोटी हा आकडा स्वच्छ, कोरड्या हवेसाठी आहे. आमच्या शेजारच्या शॉपमध्ये एअर लाइनचा ड्रेन उघडला की कपभर पाणी आणि तेल येते.

दुसरे म्हणजे ब्रेक. लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) किती लांब लावायचा हे प्रेस थांबायला लागणाऱ्या वेळेवर ठरते. हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात. ब्रेक लायनर झिजून थांबायचा वेळ ५० मिलिसेकंदांनी वाढला, तर कर्टन १०० मिलिमीटर मागे हवा. तो कोणी मागे सरकवत नाही. कर्टन ठीक, रिले ठीक, डबल व्हॉल्व्ह ठीक, परफॉर्मन्स लेव्हल ई, आणि हात आत पोचतो तेव्हा स्लाइड अजून खाली येत असते. माझ्या पहिल्या नोकरीत एका मुलाची दोन बोटे अशीच गेली. तेव्हापासून स्टॉप टाइम दर तीन महिन्यांनी मोजतो, मीटर स्वतः विकत घेऊन.

---

अंतरा_इन्स्ट्रु

मी दोन वर्षांपूर्वी इंजिनिअरिंग संपवून एका प्रोजेक्ट कंपनीत लागले आहे. सिलचे हिशोब सॉफ्टवेअरमध्ये भरते. एक शंका विचारू? १० लाख तासांमागे १.५ हा आकडा येतो कुठून? मला तर व्हेंडरचे सर्टिफिकेट मिळते आणि मी त्यातला आकडा टाकते. एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हसाठी दोन व्हेंडरच्या आकड्यांत दहापट फरक पाहिला आहे.

---

आकडेमोड

अंतरा, दहापट फरक दिसला आणि तू थांबलीस, हे बरे केलेस. पुष्कळ जण कमी आकडा उचलून पुढे जातात.

सर्टिफिकेटमधला आकडा बहुतेक वेळा डिझाइनच्या विश्लेषणातून येतो: प्रत्येक पार्ट कसा बिघडेल, त्याचा परिणाम काय, वगैरे. त्यात तुझ्या प्लांटमधले पॉलिमर नसते, समुद्राची खारी हवा नसते, चुकीची ग्रीस नसते. ट्रान्समीटरसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला हे बऱ्यापैकी चालते. प्रोसेसमध्ये बुडालेल्या व्हॉल्व्हला नाही. त्यासाठी प्रत्यक्ष वापरातला डेटा हवा. नॉर्वेत १९८१ मध्ये सुरू झालेल्या ओरेडा प्रकल्पात तेल कंपन्यांनी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरचे बिघाड एकत्र नोंदवले, तसा. आणि सगळ्यात मोलाचा तो आपल्या प्लांटचा.

स्वतःचा डेटा वापरताना लोक एका ठिकाणी हमखास घसरतात. ‘आमच्याकडे ४० व्हॉल्व्ह, ५ वर्षांत एकही बिघाड नाही, म्हणजे दर शून्य.’ शून्य नाही. ४० गुणिले ५ वर्षे म्हणजे साडेसतरा लाख तास. तेवढ्या तासांत एकही बिघाड दिसला नाही, तर ७० टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की दर १.२ भागिले साडेसतरा लाखांपेक्षा कमी आहे, म्हणजे १० लाख तासांमागे सुमारे ०.७. आयईसी ६१५११ च्या २०१६ च्या आवृत्तीत ही ७० टक्क्यांची अट स्पष्ट आहे. त्याहून लहान आकडा टाकायचा हक्क त्या ४० व्हॉल्व्हनी तुला दिलेला नाही.

आता धागाकर्त्यांची गोष्ट इथे जोड. त्यांच्या रेकॉर्डमध्येही ६ वर्षे ‘शून्य बिघाड’ होते. तो व्हॉल्व्ह कोणाच्या तरी डेटाबेसमध्ये निरोगी म्हणून गेला असता.

---

अंतरा_इन्स्ट्रु

बापरे. म्हणजे वाईट टेस्ट दोनदा नुकसान करते. एकदा त्या व्हॉल्व्हचे, आणि एकदा पुढच्या सगळ्या हिशोबांचे. सर, धन्यवाद, उद्या माझ्या फाइल्स पुन्हा उघडते.

---

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये पेट्रोल साठवणाऱ्या टर्मिनलवर काम करतो. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी बन्सफील्ड टर्मिनलचा स्फोट शिकवतात. ११ डिसेंबर २००५, रविवारची पहाट. टाकी क्रमांक ९१२ मध्ये पाइपलाइनमधून पेट्रोल येत होते. लेव्हल दाखवणारा गेज तीनच्या सुमारास अडकला, आकडा स्थिर, टाकी भरतेच आहे. वर स्वतंत्र हाय लेव्हल स्विच होता, त्याने इनलेट बंद करायला हवे होते. तो काही बोलला नाही. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल बाहेर पडले आणि ६ वाजून १ मिनिटाने स्फोट झाला. ४३ जण जखमी झाले. रविवार होता म्हणून कोणी मेले नाही.

तो स्विच बिघडलेला नव्हता, हे मला सगळ्यात जास्त लागते. त्याला टेस्टसाठी एक लिव्हर होता. टेस्ट झाल्यावर तो लिव्हर कामाच्या जागी ठेवून त्याला कुलूप लावायचे होते. साधे कुलूप. ते लावलेले नव्हते, कारण त्याचा उपयोग काय हे बसवणाऱ्यांना आणि वापरणाऱ्यांना कोणी सांगितले नव्हते. कुलूप चोरीसाठी असावे असा समज. लिव्हर खाली आला की स्विच आंधळा. आणि गेजचे म्हणाल, तर ऑगस्ट अखेरपासून त्या दिवसापर्यंत तो १४ वेळा अडकला होता. वर्षातून एकदा टेस्ट करून पीएफडी काढणाऱ्या हिशोबात ‘साडेतीन महिन्यांत १४ वेळा’ ही ओळ बसतच नाही.

इथल्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हने कंट्रोल सिस्टिमच्या ३४ घटना तपासल्या होत्या. ४४ टक्क्यांचे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये सापडले, आणि सुमारे २० टक्क्यांचे चालू झाल्यानंतर केलेल्या बदलांमध्ये. म्हणजे लॅम्डा (बिघाडाचा दर) कितीही अचूक काढला तरी मोठा भाग त्याच्या बाहेरच.

---

शिफ्ट_तळोजा

कुलपाचे वाचून अंगावर काटा आला. आमच्या टँक फार्ममध्ये टेस्ट लिव्हर असलेले स्विच आहेत. उद्याच बघतो.

लूपचेक दादा, एक साधा उपाय सुचतो. सिरीजमध्ये दुसरा व्हॉल्व्ह लावला तर? एक नाही बसला तर दुसरा बसेल.

---

आकडेमोड

लावावा, पण फायदा किती ते बघून. दोन्ही स्वतंत्र धरले तर वरच्याच आकड्यांनी जोडीची पीएफडी येते ०.००००६. डोळे दिपतात. पण दोन्हींना एकाच कारणाने एकदम मारणारे बिघाड असतात, त्यांचा वाटा बीटा. तो १० टक्के धरला तर त्याचे एकट्याचे ०.०००६६, म्हणजे आधीच्या आकड्याच्या अकरा पट. जोडीचा हिशोब बीटावर चालतो, व्हॉल्व्हवर नाही. आणि एकाच लाइनमध्ये, त्याच पॉलिमरमध्ये, त्याच मेकचे दोन व्हॉल्व्ह शेजारी बसवले तर १० टक्के तरी कोणत्या तोंडाने धरायचे? दुसरा वेगळ्या प्रकारचा घ्या. शक्य असेल तर फीड पंपच बंद करा. पंप थांबायला सीटवर काही बसले म्हणून अडत नाही.

---

खाडीपलीकडे

सौदीत सेफ्टी सिस्टिमवर काम करतो, म्हणून एक भर. २०१७ मध्ये इथल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायकोनेक्सच्या सेफ्टी कंट्रोलरमध्ये घुसखोरांनी स्वतःचा कोड घातला. ट्रायटन नावाने तो प्रकार डिसेंबर २०१७ मध्ये जगासमोर आला. कंट्रोलरमध्ये तीन प्रोसेसर, तिघांत मतदान, बिघाडाच्या हिशोबात अतिशय भक्कम. पण तिन्हींना एकच खोटा प्रोग्राम दिला तर मतदान कसले? प्लांटच्या सुदैवाने कोड नीट बसला नाही आणि ऑगस्टमध्ये कंट्रोलर सुरक्षित अवस्थेत जाऊन प्लांट ट्रिप झाला, म्हणून सापडला.

कंट्रोलरवर एक किल्ली असते, ‘रन’ आणि ‘प्रोग्राम’. ती ‘प्रोग्राम’वर राहिली होती. बन्सफील्डचे कुलूप आणि ही किल्ली मला एकाच घरातल्या वाटतात. आम्ही आता किल्लीची स्थिती रोजच्या राउंडमध्ये लिहितो, आणि ती ‘रन’वरून हलली की कंट्रोल रूममध्ये अलार्म येतो.

---

प्रेसशॉप_चाकण

लूपचेक, त्या व्हॉल्व्हचे पुढे काय केले? आणि जुन्या ‘ओके’ सह्यांचे?

---

लूपचेक

रेकॉर्ड बदलले नाहीत. मॅनेजमेंटला लेखी कळवले की ६ वर्षांच्या टेस्ट अपुऱ्या होत्या, आणि अशा टेस्ट असलेल्या बाकीच्या ११ व्हॉल्व्हची यादी जोडली. सोपे गेले नाही. पण हरकत कोणी घेतली नाही, उलट प्लांट हेड स्वतः व्हॉल्व्ह बघायला वर्कशॉपमध्ये आले.

नवी पद्धत प्रॉडक्शनच्या दोन शिफ्ट इनचार्जना बसवून लिहिली. ट्रान्समीटरचा सेन्सर बाहेर काढून गरम बाथमध्ये, म्हणजे करंट खऱ्या तापमानातून यायला हवा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद, वेळ स्टॉपवॉचने, मग मागून पाण्याचा दाब देऊन १० मिनिटांत किती गळते ते मोजायचे आणि मिलिलिटरमध्ये लिहायचे. ‘ओके’चा रकानाच काढून टाकला. आधी जसा होता तसा आकडा, आणि दुरुस्तीनंतरचा आकडा. सीट साफ करून मग टेस्ट घेतली तर ती नवीन वस्तूची टेस्ट होते, लपलेला बिघाड त्यात पुसला जातो. चालू प्लांटमध्ये दर तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह १५ टक्के हलवून बघतो, तेवढ्याने फीड थांबत नाही. त्यात सीट तपासली जात नाही, हे फॉर्मवरच छापले आहे.

आकडेमोड यांचा पंपाचा सल्ला आधीच्या हॅझॉपमध्येही (धोके शोधणारा अभ्यास) आला होता आणि कोणी तरी ‘गरज नाही’ लिहून बंद केला होता. या वेळी घेतला. मोटरच्या स्टार्टरमधून ट्रिप घेण्याचे काम पुढच्या महिन्यात आहे.

११ पैकी ४ व्हॉल्व्ह आतापर्यंत काढून झाले. तीन चांगले निघाले, एकाची सीट गेलेली आहे. उरलेले ७ दिवाळीच्या शटडाऊनमध्ये. आकडे इथेच टाकतो.